तीनशे सतराव्या ठिपक्याचं पाणी

टण्ण.

चमचा फरशीवर पडला, दोनदा उसळला आणि टेबलाच्या पायाशी जाऊन निपचित झाला. दुपारचा दीड वाजला होता. खालच्या मजल्यावर सतारवाल्या खलीलचाचांची कानससुद्धा जेवणासाठी थांबलेली. घरात तेवढा एकच आवाज झाला आणि तो फार वेळ कानात राहिला.

नऊ आठवडे हा आवाज आमच्या घरात झाला नव्हता.

"मी मुद्दाम नाही पाडला," जुई म्हणाली.

"माहितीये गं. घसरला."

"घसरला," ती म्हणाली. सात वर्षांच्या मुलीनं आईची समजूत घालावी तशा आवाजात.

मी दुसरा चमचा दिला. वरणभाताचा एक घास तोंडापर्यंत गेला. दुसराही गेला. तिसऱ्याला तिची बोटं आपोआप उघडली, कुणीतरी आतून 'आता पुरे' म्हणाल्यासारखी. टण्ण.

"आई, तो जाड्या चमचा नको हं काढू."

जाड्या म्हणजे जाड रबरी मुठीचा चमचा. बोटांत जोर नसलेल्या मुलांसाठी मिळतो तो. दोन महिन्यांपूर्वी आम्ही तो माळ्यावर टाकला होता. टाकताना हर्षदनं, माझ्या नवऱ्यानं, चक्क शिट्टी वाजवली होती.

"नाही काढत," मी म्हटलं आणि उरलेला भात तिला भरवला. तोंड पुसलं, कुशीत घेऊन थोपटलं. ती झोपल्यावर उठून कॉम्प्युटर उघडला. जुई दुपारी दीड तास झोपते. गेली दोन वर्षं माझं सगळं त्या दीड तासात बसवलेलं आहे. नोकरी, रडणं आणि आता हे लिहिणंसुद्धा.

जुईच्या पेशींत एक विकर चुकीचं तयार होतं. विकर म्हणजे पेशीतलं राबणारं प्रथिन. या विकराचं काम साधं आहे. पेशीत कचऱ्याची एक पिशवी असते, तिथं जाऊन बसायचं आणि येईल तो कचरा तोडायचा. पण जुईच्या विकराच्या चारशे बारा कड्यांच्या साखळीत एक कडी वेगळी आहे. त्यामुळे त्याची घडी नीट बसत नाही. पेशीचे पहारेकरी त्याला वाटेतच बाद करतात, आणि पिशवीत कचरा साचत राहतो. आधी हाताच्या बोटांना हुकूम देणाऱ्या मज्जापेशींत. मग पायांच्या. मग गिळण्याच्या. डॉक्टरांनी मला पुढचाही क्रम सांगायला घेतला होता, मीच त्यांना थांबवलं.

यावर औषध म्हणजे एक छोटासा रेणू. तो त्या विकराच्या खोबणीत जाऊन बसतो, घडी मोडू देत नाही, विकराला हाताला धरून पिशवीपर्यंत नेतो आणि तिथं पोचलं की सोडून देतो. हे सोडणं फार महत्त्वाचं. कारण कचरा तुटतो तोही त्याच खोबणीत. रेणू तिथं बसूनच राहिला तर विकर पोचून न पोचल्यासारखंच.

आमचं घर मिरजेत, सतारमेकर गल्लीला लागून. खाली खलीलचाचा सतारींची जवारी काढतात. घोडीचा, म्हणजे तारा ज्या पट्टीवरून जातात तिचा, माथा कानशीनं असा घासायचा, की तार टेकलीय म्हणावं तर टेकलेली नाही आणि नाही म्हणावं तर टेकलीय. एकदा मला म्हणाले होते, "चिकटली तर तार मुकी होते, बेटा. सुटली तर नुसती कोरडी टणटण. मधे एका केसाची जागा असते. गाणं तिथं राहतं." रेणूघरात नवीन येणाऱ्या पोरींना मी औषधाचं सगळं शास्त्र याच वाक्यात समजावत असे.

रेणूघर म्हणजे मी जिथं नोकरी करते ते केंद्र. एकेका मुलासाठी एकेक औषध बनवतो आम्ही. पूर्वी एका औषधाला दहा-बारा वर्षं लागायची, आणि ज्या आजाराची देशात वीस मुलं, त्याच्या वाटेला कुणी जायचं नाही. आता मुलाच्या जनुकांवरून विकर बनवून त्याचा आकार काढतात. कॉम्प्युटर लाखो रेणू रचतो, एकेक त्या खोबणीत बसवून बघतो, कुठला अणू कुणाला किती ओढतो, कुणाला ढकलतो, याचं गणित मांडतो. त्यातून एक निवडला की यंत्र तो नऊ पायऱ्यांत, अकरा दिवसांत बनवून बाटलीत भरतं.

माझं काम या सगळ्याच्या आधीचं. तयारीचं. विकराचं जे चित्र येतं ते गोठवून काढलेलं असतं आणि त्याला चहूबाजूंनी पाणी चिकटलेलं असतं. पाण्याचा प्रत्येक रेणू पडद्यावर एक लाल ठिपका दिसतो. असे शेकडो ठिपके. ते ठेवले तर गणित दसपट लांबतं, आणि निम्मे ठिपके तर भरवशाचेही नसतात. म्हणून पहिलं काम पुसण्याचं. एक आज्ञा दिली की सगळे लाल ठिपके गायब. जगभर असंच करतात. आमच्याकडे 'तयारी झाली का' असं कुणी विचारत नाही, 'पुसलं का' असं विचारतात. आमच्यात एक म्हणच होती. न्हालेलं पोर आणि आलेली फाईल ओली ठेवायची नाही.

जुईची फाईल आली तेव्हा केंद्राच्या प्रमुख मगदूम मॅडम म्हणाल्या, "तूच कर, शाल्मली. तुझ्याइतकं जीव लावून कोण करणार?"

मी जुईचं डोकं पुसते तशी ती फाईल पुसली. एक थेंब ठेवला नाही.

त्या सोमवारी, दोन चमचे पडल्यानंतर, मी न पुसलेली मूळ फाईल पहिल्यांदा उघडली. खोबण पडद्यावर मोठी करत करत आत गेले. बाहेरच्या बाजूला ठिपक्यांची गर्दी होती, ती सोडून दिली. अगदी तळाशी, दोन कड्यांच्या मधे, एक ठिपका एकटाच बसला होता. क्रमांक तीनशे सतरा. तो भरवशाचा होता. चित्रात इतका ठसठशीत, की तिथून तो कधी हलतच नसावा.

मी तो एक थेंब परत ठेवला आणि जुईच्या औषधाचं गणित पुन्हा लावलं. वीस मिनिटं लागतात. त्या वीस मिनिटांत मी गॅसचा ओटा दोनदा पुसला.

पुसलेल्या फाईलमध्ये औषध पिशवीत पोचल्यावर काही मिनिटांत सुटत होतं. आता तो थेंब औषधाचा एक हात आणि विकराचे दोन, असे तिन्ही धरून बसला. गोंदासारखा. सुटायला लागणारा वेळ पडद्यावर आला. चाळीस दिवस.

फाईलमधलं पाणी मी पुसलं होतं. जुईच्या पेशीतलं कोण पुसणार होतं? ते जिथं होतं तिथंच होतं आणि प्रत्येक विकराला माझ्या औषधाशी चिकटवून टाकत होतं. सुरुवातीला कित्येक विकरं औषधाशिवायच निसटून कामाला लागली असतील, म्हणून नऊ आठवडे बरे गेले. औषध अंगात साठत गेलं तशी एकेक खोबण बंद होत गेली. प्रयोगशाळेतल्या पेशींवर आम्ही औषध तीन दिवस तपासतो. तीन दिवसांत एवढं दिसत नाही.

जुईचा चमचा माझ्या औषधानं पाडला होता.

संध्याकाळचा डोस मी बेसिनमध्ये ओतला, उरलेली बाटलीही. नळ सोडून बराच वेळ उभी राहिले. तेव्हा कुठे मला तेजूची आठवण झाली.

तेजू म्हणजे शिवतेज. वय पाच, राहणार परतूर, जिल्हा जालना. जुईच्याच विकराचा रुग्ण, फक्त त्याची बिघडलेली कडी दुसरी. सगळ्या राज्यात ही दोनच मुलं. त्याचं औषध बनवताना नवीन तयारी कशाला करायची, म्हणून माझीच पुसलेली फाईल घेतली होती. त्याचं औषध जुईपेक्षा तीन आठवडे उशिरा सुरू झालं. त्याची आई सारिका मला दर दोन दिवसांनी निरोप पाठवायची. "ताई, आज त्यानं सदऱ्याची गुंडी लावली! एकट्यानं! वरची राहिली, पण खालच्या तीन लावल्या." मग मुलांचा व्हिडिओ कॉल व्हायचा. तो गुंडी लावून दाखवायचा, ही चमच्यानं पोहे खाऊन दाखवायची. गुंडीपार्टी विरुद्ध चमचापार्टी. कोण हरलं ते मला कधीच कळलं नाही, दोघंही जिंकल्यासारखे ओरडायचे.

हर्षद शाळेतून आल्यावर मी त्याला सगळं सांगितलं. तो सांगलीच्या एका शाळेत भूमिती शिकवतो. ऐकताना तो भिंतीला टेकून हळूहळू खाली बसत गेला.

"नवीन रेणू बनवता येईल? तो थेंब धरून?"

"येईल. अकरा दिवसांत हातात."

"मग अडचण काय आहे?"

"चूक कळवली की त्या फाईलवरचं सगळं काम गोठवतात. चौकशी होईपर्यंत. मागे दुसऱ्या एका राज्यात एक मूल दगावलं, तेव्हापासून तसा कायदाच आहे. निदान सहा महिने."

"आणि औषधाशिवाय जुईचे सहा महिने म्हणजे..."

क्रम त्यालाही माहीत होता.

"मग कळवू नकोस," तो म्हणाला. "अकरा दिवस. औषध हातात आलं की त्याच मिनिटाला सांग. मी येतो तुझ्याबरोबर, काय शिक्षा द्यायची ती देऊ दे."

"आणि तेजू?"

"त्याचं तीन आठवडे मागून सुरू झालंय ना? म्हणजे त्याच्याकडे अजून तीन आठवडे आहेत. साधा हिशेब आहे, शालू."

"तो चौदा किलोचा आहे. त्याच्या अंगात किती वेगानं साठत असेल, मला माहीत नाही."

"माहीत नाही, म्हणजे होईलच असंही नाही ना!" त्याचा आवाज चढला. मग जुईच्या खोलीकडे बघून एकदम खाली आला. "अगं, मी काय राक्षस आहे का? मला काय तेजू नकोय? पण ती... ती आपली आहे गं."

तो उठला, स्टुलावर चढला आणि माळ्यावरून जाड्या चमचा काढला. धुतला. पंच्यानं नीट पुसला आणि जुईच्या ताटाशेजारी ठेवला. शिट्टी वाजवली नाही.

मंगळवारी मी सुधारित औषधाचा अर्ज भरला. मुलाचं वजन वाढलं की औषधाची रचना थोडी बदलून घेता येते, तशी सोय आहे. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, 'वजनवाढ'. जुईचं वजन सातशे ग्रॅम वाढलंही होतं. खोटं बोलायला एवढं खरं पुरतं.

"वजन वाढलं?" मगदूम मॅडमनी सही करता करता चष्म्यावरून बघितलं. "अगं, मग पेढे कुठायत? अशीच कोरडी आलीस?"

"आणते मॅडम. शुक्रवारी."

थेंब खोबणीत ठेवूनच मी नवीन रचना लावली. चार तासांत कॉम्प्युटरनं नवा रेणू दिला. थेंबाच्या बाजूचा हात त्यानं आखूड केला होता. आता थेंबाला धरायला काही नव्हतं. रेणू बसत होता, नेत होता, सुटत होता. इतका सुबक होता, की मला त्याही अवस्थेत खलीलचाचांना दाखवावासा वाटला. त्याच दिवशी यंत्र सुरू झालं. पायरी एक.

गुरुवारी सारिकाचा कॉल आला. तेजू आधीच कॅमेऱ्यात नाक घालून बसला होता.

"जुईताई, हे बघ! पाच गुंड्या!"

जुईनं उजवा हात चादरीखाली घेतला. मी बघत होते. कुणी शिकवलं नव्हतं तिला.

"चमचापार्टी आज सुट्टीवर आहे," ती म्हणाली.

"हरली, हरली!"

"हरली नाही काही. सुट्टी आहे. तुमच्या गावात सुट्टी नसते का?"

सारिका हसली. मुलांच्या हातून फोन घेऊन बाजूला आली. मागे कुकरची शिट्टी झाली. "जुईचं छान चाललंय ना, ताई?"

"हो. छान आहे."

इतकं सहज आलं ते तोंडातून. मग मीच घाबरून म्हटलं, "सारिकाताई, एक करता का? चार-पाच दिवस औषध थांबवून बघता? असंच. पोटाला जरा आराम."

"काहून? डॉक्टर म्हणले का काही?"

"नाही नाही. माझ्याच मनात आलं."

"तुम्ही जुईचं थांबवलंय का?"

माझ्याकडे उत्तर होतं. चादरीखाली होतं. मी म्हटलं, "नाही."

"मग नको बाई. सोन्यासारखं चाललंय लेकराचं, कशाला देवाची खोड काढायची? तुम्ही देता तेच मी देणार. माझा देवावर जेवढा नाही तेवढा तुमच्यावर भरवसा आहे, ताई." आणि ती हसून म्हणाली, "देवाला कुठं येतंय कॉम्प्युटरचं."

फोन ठेवल्यावर जुई म्हणाली, "मी खोटं नाही बोलले. सुट्टीच म्हटलं फक्त."

"हो बाळा."

"तू बोललीस," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

शुक्रवारी मी पेढे नेले. मॅडमनी एक तोडून अर्धा मला भरवला.

शनिवारी सकाळी जुई बाथरूमपर्यंत जाताना दारात अडखळली. आता पाय. मी तिला उचलून नेलं आणि वाटेत मोजत होते. पायरी चार झाली होती. सहा दिवस. सहा दिवसांत पायांचं किती जाईल, गेलेलं परत येईल का, आणि औषध मिळून त्याचा असर दिसायला आणखी दोन आठवडे. हर्षदची शाळा अर्ध्या दिवसाची होती. तो जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "सहाच."

दुपारी जुई झोपल्यावर मी फोन बघितला. सारिकाचा निरोप होता, बोललेला.

"ताई, एक विचारायचं होतं. आज तेजूच्या हातून गुंडी सुटली. दोनदा. तिसऱ्यांदा लावली त्यानं, पण लई येळ लागला. दमला असंल, काल बाजारात लई हिंडला माझ्यासंगं. जुईला कधी झालतं का असं मधीच? तुम्ही सांगा म्हणजे मी घोर करत नाही."

मी तो निरोप चार वेळा ऐकला. तीन आठवड्यांचा हिशेब संपला होता. चौदा किलोचं पोर, जुईच्या आधीच भरलं होतं.

आणि तरीही, हे मला लिहायलाच हवं, तरीही मी तिथं ओट्याला धरून उभी होते आणि डोक्यात मोजणी चालू होती. सहा दिवस म्हणजे बारा डोस. बारा डोसांनी किती बिघडेल? कदाचित फार नाही. तेवढ्यात जुई सावरेल. मग तेजूलाही नवीन बनवता येईल, आधी एकाला मिळालं की दुसऱ्याला सोपं जातं, नाही का? मी गणितात इतकी हुशार आहे, की त्या पाच मिनिटांत मी स्वतःला जवळजवळ पटवून दिलं होतं.

मग खाली कानस सुरू झाली. खर्र, खर्र. थांबून एक तार छेडलेली. पुन्हा खर्र. चाचा एका घोडीवर आठ-आठ दिवस घालवतात. कुणी विचारलं कधी होणार, तर म्हणतात, "तार सांगेल तेव्हा." तार सांगत होती. मी फोन लावला.

"सारिकाताई, तेजूचं औषध आत्ता बंद करा. संध्याकाळचं देऊ नका." आणि मी सगळं सांगितलं. थेंब, फाईल, चमचा. अडखळत, मागेपुढे करत. तिला विज्ञान किती कळलं कोण जाणे. नको ते बरोबर कळलं.

"कधी कळलं तुम्हाला?"

"सोमवारी."

"आज शनवार हाये."

"हो."

मग ती अगदी हळू बोलायला लागली. माझ्याशी नाही, बोटांशी. "सोमवारचं रातचं एक. मंगळवार दोन. बुधवार, गुरवार, शुक्रवार. आज सकाळचं." थांबली. "दहा येळा पाजलं मी त्याला. माझ्या हातानं. चमचा चाटून घेतो ताई तो. गोड लागतं त्याला."

"सारिकाताई..."

"मी तुम्हाला विचारलं होतं. जुईचं थांबवलंय का म्हणून. मी तुम्हाला विचारलं होतं ना?"

"हो."

"मग?"

तिनं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "जुईला जपा," आणि फोन ठेवला.

लगेच मी मगदूम मॅडमना फोन केला. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाल्या, "तू सोमवारी सांगितलं असतंस तरी मी हेच केलं असतं."

"म्हणूनच नाही सांगितलं."

"हं. यंत्र थांबवावं लागेल, शाल्मली. त्याच फाईलवरचं काम आहे."

"चार पायऱ्या झाल्यात, मॅडम. पाचवी अर्धी झालीये. नवीन रेणू बरोबर आहे, मी सतरा वेळा तपासलाय, तुम्ही स्वतः बघा, मी नोकरी सोडते, मला अटक करा, फक्त यंत्र..."

"मी बघेन. अर्जही करते, तातडीचा. दोघांसाठी. पण उत्तर कधी येईल ते मला माहीत नाही, आणि तोवर ते चालू ठेवायचा अधिकार मला नाही. आणि शाल्मली, पुसायची सवय आपल्या सगळ्यांची होती. तुझी एकटीची नाही. हे मी अहवालात लिहिणार आहे."

पडद्यावर पाचव्या पायरीसमोरची हिरवी रेघ पिवळी झाली आणि थांबली.

हर्षद आला तेव्हा मी तशीच बसले होते. त्याला माझ्या तोंडावरूनच कळलं.

"सहा दिवस होते गं," तो म्हणाला.

"तेजूच्या हातून गुंडी सुटली."

त्यानं चप्पल काढायला वाकून एक पाय उचलला आणि तसाच राहिला. भूमितीच्या माणसाला एवढं पुरतं. मग तो आत गेला आणि झोपलेल्या जुईच्या पायांशी बसून तिची पावलं हातात धरून राहिला. माझ्याशी अजून नीटसं बोललेला नाही. पण आज सकाळी माझा चहा झाकून ठेवला होता.

आज रविवार. सारिकानं काही निरोप पाठवला नाही. मी तीन पाठवले, ते तिनं ऐकलेत एवढं दिसतं.

जुईला न्हायला घातलं. स्टुलावर बसवून, पंचा डोक्यावर टाकून केस पुसायला घेतले. तिचे केस दाट आहेत, हर्षदसारखे. पाणी मुळाशी धरून ठेवतात.

"आई, मी काल झोपले नव्हते," पंच्याखालून आवाज आला.

माझा हात थांबला. "किती ऐकलंस?"

"सगळं. तेजूचं औषध पण बंद?"

"हो."

"आणि माझं नवीन? मशीनमधलं?"

"तेही थांबलंय. मगदूम आजी प्रयत्न करतायत."

"हं." ती विचार करत होती. विचार करताना ती पायाची बोटं हलवते. आज डाव्याच पायाची हलत होती. "तेजूची आई रडली?"

"नाही. मोजत होती."

"काय?"

"चमचे."

पुसायचं राहून गेलेलं पाणी केसांतून तिच्या मानेवर, मानेवरून पाठीवर उतरत होतं. मला ते दिसत होतं आणि माझ्यानं हात हलववत नव्हता. जुईनं डाव्या हातानं पंचा तोंडावरून बाजूला केला आणि माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. भूमितीतलं काही अडलं की ती बापाकडे बघते ना, तसं.

"आई, तेजूच्या आईला आधी कळलं असतं, तर तिनं तुला कधी सांगितलं असतं?"